अकराव्या दिवसाचा कागद

४ मार्च

या घरात माणसाला माणसासारखा दाखवणारा एकच आरसा आहे — न्हाणीघरातला. गेले दोन आठवडे त्यावर परकीय सत्तेचा अंमल आहे. सत्ता म्हणजे बाबा, वय एकाहत्तर. साडेसहाला आत जातात, सव्वासातला बाहेर येतात, आणि तेव्हाही मिशीच्या डाव्या बाजूबद्दल त्यांचं समाधान झालेलं नसतं. आणि मी — वय सेहेचाळीस, एका साप्ताहिकात दर आठवड्याला जगाची खरडपट्टी काढणारा माणूस — स्टीलच्या ताटात बघून दाढी करतो. ताटात माझं नाक दोन इंच जास्त आहे. आज हनुवटी कापली. या अन्यायाची कुठेतरी नोंद असावी म्हणून ही वही पुन्हा उघडली.

बायको गणित शिकवते, त्यामुळे कमी बोलते आणि बरोबर बोलते. म्हणाली, "रोज बागेत जातात. कोणीतरी असेल."

"कोण असणार? बाकडं?"

"बाकड्यासाठी कोणी मिशी कातरत नाही."

६ मार्च

बाकडं नव्हे. बाई.

बाबांनी जेवताना परिपत्रक वाचावं तसं जाहीर केलं : "मी नोंदणी पद्धतीने लग्न करण्याच्या विचारात आहे. हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावी." माझा घास तसाच राहिला. बायकोने विचारलं, "भाजी वाढू का, बाबा?" ते म्हणाले, "वाढ, सूनबाई." झालं. हरकतींची मुदत तिथेच संपली.

बाई सहासष्ट वर्षांच्या. एकतीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. अट एकच घातली आहे — आधी दोघांनी एचआयव्हीची तपासणी करायची. मला वाटलं बाबा चिडतील. पण ते खूश! छत्तीस वर्षं वजनमाप निरीक्षक होते. गावोगावचे तराजू पितळी वजनं लावून पडताळले, खोटे जप्त केले, खऱ्यांवर शिक्का मारला. निवृत्त झाल्यापासून पडताळणी हा शब्द त्यांच्याशी कोणी बोललंच नव्हतं.

मी बाईंचं नाव 'प्रयोगशाळा' ठेवलं. बायको हसली नाही.

९ मार्च

बाबांनी कोपऱ्यावरच्या रक्त तपासणीच्या दुकानात जाऊन बोट टोचून घेतलं. वीस मिनिटांत कागद. दोष नाही. परत येताना त्याला प्लास्टिकचं आवरण घालून आणलं. आता तो कागद पावसात भिजणार नाही, फाटणार नाही, आणि उद्या बाकड्यावर सादर होणार आहे.

१० मार्च

काय लिहावं.

बाबा बागेतून लवकर परत आले. चपला न काढता माझ्या खोलीत. दार लावलं. हे आमच्या घरात आई गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

प्रयोगशाळाबाईंनी तो कागद हातात घेतला, निकाल बघितलाच नाही. तारीख बघितली आणि विचारलं, "याच्या आधीच्या तीन महिन्यांत काही प्रसंग?"

दुसरा कुठलाही पुरुष 'छे छे' म्हणाला असता. मी तर विचारण्याआधीच म्हणालो असतो. बाबा म्हणाले, "हो. सव्वीस फेब्रुवारी. दुपारी सव्वाचार."

जुन्या कार्यालयातल्या मंडळींचा मेळावा होता परगावी. तिथे एका मित्राने एक पत्ता दिला आणि निरोधचं एक पाकीटही. बाबा गेले. का गेलात, असं मी विचारलं — विचारलं कसलं, ओरडलोच. त्यांनी खिडकीबाहेर बघत शांतपणे सांगितलं, "तुझी आई जाऊन चार वर्षं झाली. कोणाला शब्द देण्याआधी स्वतःची पडताळणी करायला नको? नादुरुस्त मालावर शिक्का मारून दिला नाही मी कधी."

मला हसू येत होतं. जगात आणखी कोणी असल्या कारणासाठी असल्या ठिकाणी गेलं असेल असं वाटत नाही.

निरोध फाटला. "तिथल्या बाईनेच दाखवलं. म्हणाली, तपासून घ्या काका. सभ्य होती." मग : "पाकिटावरची तारीख बघितली नाही मी. आयुष्यभर दुकानदारांच्या पाकिटांवरच्या तारखा बघितल्या."

"बाई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"दिवस मोजले. म्हणाल्या, अकराव्या दिवसाचा कागद आहे. हा सव्वीस तारखेच्या आधीच्या तुमच्याबद्दल बोलतो. सव्वीसबद्दल त्याला काही माहीतच नाही."

"आणि लग्न?"

"म्हणाल्या, आधी दिवस पूर्ण करा."

११ मार्च

बाईंनी सरकारी केंद्राचा पत्ता दिला होता. बाबा एकटेच निघाले होते. बायको मला म्हणाली, "जा." मी गेलो.

लांब बोळ, शेवटची खोली, दारावर फक्त आकडा. आत समुपदेशक बाई — माझ्याच वयाच्या, समोर मोठं कॅलेंडर. मी मनात दोन वाक्यं तयार ठेवली होती, सरकारी खुर्च्यांवर. उपयोग झाला नाही. त्या बाईंनी बाबांना जे विचारलं ते इतक्या साध्या आवाजात, की जणू चष्म्याचा नंबर विचारत होत्या. बाबाही तसंच सांगत गेले. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो.

"पहिल्या बहात्तर तासांत आला असतात, तर रोखणाऱ्या गोळ्या देता आल्या असत्या," त्या म्हणाल्या. "आज तेरावा दिवस. ती वेळ गेली. आता नीट मोजू या."

मग त्यांनी समजावलं. विषाणू शिरला तरी रक्तात लगेच सापडत नाही. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, त्याला आठवडे लागतात. बोटाच्या पट्टीची चाचणी ती प्रतिपिंडंच शोधते, म्हणून तिचा 'नाही' पक्का मानायला नव्वद दिवस जाऊ द्यावे लागतात. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत करतात ती चाचणी विषाणूचा एक अंशही शोधते, म्हणून तिला पंचेचाळीस दिवस पुरतात. या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात.

मी म्हणालो, "खिडकी कसली? खिडकीतून निदान समोरच्याचं वाळत घातलेलं धोतर तरी दिसतं."

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाच किलोच्या तराजूवर मोहरीचा दाणा ठेव. काटा हलत नाही. म्हणून दाण्याला वजन नाही असं लिहिणाऱ्या निरीक्षकाला मी घरी पाठवला असता." आणि बाईंना : "म्हणजे मी तराजूला दोष द्यायचा नाही. मीच फार लवकर वजन केलं."

समुपदेशक बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मी उद्यापासून सगळ्यांना असंच सांगू का?"

"सांगा," बाबा म्हणाले. "फक्त दाणा मोहरीचाच घ्या."

कॅलेंडरवर बारा एप्रिलला नाव न लिहिता एक टिंब काढलं. तोवर कोणाशी संबंध नाही, रक्तदान नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही?"

"मी सोबत."

"आलाच आहात तर करून घ्यायची?"

"माझ्या अंगात रक्त नाही, शाई आहे." त्या हसल्या नाहीत. बाबाही नाही. दिवसभरात हा माझा सगळ्यात वाईट विनोद.

१२ मार्च

या प्रकरणावर लेख फार झकास होईल. बाबांनी माझा चेहरा वाचला असावा. "छापलंस तर तुझे चौथीतले निबंध तुझ्या संपादकाला पाठवीन. जपून ठेवलेत."

ठेवलेत, हे मला माहीत आहे. लेख रद्द.

१५ मार्च

हे लिहायला लाज वाटते, म्हणून लिहितो. काल मी बाबांचा टॉवेल वेगळ्या खुंटीवर टाकला. त्यांचा कप मागच्या फळीवर सरकवला. अगदी सहज, हात आपोआप गेल्यासारखा. आज सकाळी टॉवेल जागेवर होता आणि बायको बाबांच्या कपातून चहा पीत होती.

"कपाने होत नाही, टॉवेलने होत नाही, जवळ बसल्याने होत नाही," ती म्हणाली. "लोकांच्या अज्ञानावर दर आठवड्याला नऊशे शब्द लिहितोस ना?"

आठशे लिहितो. पण दुरुस्ती करायची ती वेळ नव्हती.

१९ मार्च

एकविसावा दिवस. बाबांना ताप. एकशे एक. घसा दुखतो म्हणतात. मी दुपारभर नको ते वाचत बसलो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताप, घसा, अंगावर पुरळ. दर तासाला त्यांची पाठ बघायला जातो. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "पाठीवर काही लिहिलंय का?"

समुपदेशक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तापावरून काही ठरत नाही. हवं तर उद्या शिरेतून रक्त घेऊ. पण उद्या काही सापडलं नाही, तरी तो शेवटचा शब्द नसेल. पंचेचाळीसला पुन्हा यावंच लागेल." बाबांनी फोन माझ्या हातून घेतला. "मग पंचेचाळीसलाच. एका मालाची दोनदा नोंद कशाला?"

संध्याकाळी बेल वाजली. दारात उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांच्या बाई. "मी," एवढंच म्हणाल्या. मला कळलं. ज्यांची मी दोन आठवडे टिंगल केली त्या समोर उभ्या, आणि माझी पहिली प्रतिक्रिया म्हणजे बाजूला होऊन भिंतीला चिकटणं.

त्या सरळ बाबांच्या पलंगाशी गेल्या, कपाळावर हात ठेवला, तसाच राहू दिला. बाबा म्हणाले, "अहो, पंचेचाळीस व्हायचेत अजून."

"हात ठेवायला दिवस मोजावे लागत नाहीत," त्या म्हणाल्या.

मी बाहेर येऊन उगाच वर्तमानपत्राच्या घड्या घालत बसलो.

२२ मार्च

सूनबाईंना सर्दी. मला सर्दी. वरच्या मजल्यावरच्यांना सर्दी. पेपरवाल्यालाही. बाबांचा ताप उतरला आणि ते आमच्यासाठी पाणी उकळतायत. ताप म्हणजे भयंकर बोलका साक्षीदार — सगळं सांगतो आणि काही सिद्ध करत नाही.

३० मार्च

बत्तिसावा. बाई आता रोज येतात. बाग, मग आमच्याकडे चहा. आज मी धीर करून विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"कशाचा?"

"ते गेले होते त्याचा."

बाईंनी बशीत चहा ओतला, गार होऊ दिला. "एकतीस वर्षं मी नळ्यांवर आकडे लिहिले. त्यातल्या निम्म्या नळ्यांमागे कोणीतरी घरी खोटं बोलून आलेलं असायचं. नवरा बायकोशी, बायको सासूशी, मुलगा सगळ्यांशी. लवकर येऊन तपासून जायचे, आणि तो कागद घरी दाखवायचे. तुमच्या बाबांच्या हातातही तसाच कागद होता. प्लास्टिकमध्ये घातलेला. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. मला कधीच कळलं नसतं." मग चहा प्यायल्या. "राग आला. एक दिवस. पण विचारल्यावर वेळेसकट सांगणारा माणूस मला नोकरीत एकदाही भेटला नाही."

आतून बाबा ओरडले, "माझ्याबद्दल बोलताय का?"

"तराजूबद्दल," बाई म्हणाल्या.

यानंतर 'प्रयोगशाळा' हे नाव मी मागे घेतलं. बायकोने विचारलं, मग आता काय म्हणणार? म्हटलं, बाई. नुसतं बाई. जगात बाया पुष्कळ असतील, या घरात आता तेवढ्याने कळतं.

३ एप्रिल

साप्ताहिकाला लेख दिला. विषय : रस्त्यावरचे खड्डे. संपादक म्हणाला, "धार कमी झालीय." झाली असेल.

७ एप्रिल

चाळिसावा. बाबा बाहेरून शांत आहेत. पण आज त्यांनी जुनी पितळी वजनं काढून एकेक पुसली, लाकडी पेटीत मखमलीवर लावली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली. मी शेजारी बसलो. पन्नास ग्रॅमचं वजन हातात घेऊन म्हणाले, "निघालं तर मी बाईंना मोकळं करणार. त्या नको म्हणाल्या तरी."

"औषधं आहेत बाबा आता. रोज एक गोळी. माणसं पूर्ण आयुष्य जगतात. औषध नीट लागू पडलं की जोडीदारालाही होत नाही."

"माहीत आहे. बाईंनी सांगितलंय. तू कुठे वाचलंस?"

वाचलं होतं, एवढंच म्हणालो.

"भीती मरणाची नाही रे," ते म्हणाले. "एकाहत्तर झाली. भीती ही की, त्या बाईंच्या वाट्याला माझा निष्काळजीपणा येईल." आणि वजन जागेवर ठेवलं, इतकं हळू, की आवाजच झाला नाही.

या माणसाने मला लहानपणी कधी जवळ घेतलं नाही, कधी मारलंही नाही. मी त्याला कोरडा समजत होतो. चाळीस वर्षं माझं मोजमाप चुकत होतं.

१२ एप्रिल

पंचेचाळिसावा. शिरेतून रक्त घेतलं. बाई आल्या होत्या, बाहेर बसल्या. परिचारिकेला बाबा म्हणाले, "नळीवरचा आकडा बरोबर लिहिलाय ना?" तिने दोनदा वाचून दाखवला. बाई बाहेरूनच हसल्या.

उद्या दुपारी या म्हणाले. घरी कोणी नीट जेवलं नाही. बायकोने मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या आणि एकाच वहीवर बसून राहिली.

१३ एप्रिल

नाही! दोष आढळला नाही.

समुपदेशक बाईंनी दार लावून, बाबांना बसवून मगच सांगितलं. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "नव्वद दिवसांनी पुन्हा?"

"गरज नाही. बोटाची पट्टी असती तर म्हटलं असतं. ही प्रयोगशाळेची आहे, हिला पंचेचाळीस पुरतात. त्यानंतर दुसरा प्रसंग झालेला नाही ना?"

"हात धरला," बाबा म्हणाले.

"तो चालतो."

बोळात बाईंनी कागद घेतला. आधी तारीख वाचली. मग चाचणीचा प्रकार. मग नळीचा आकडा. सगळ्यात शेवटी निकाल. इतक्या सावकाश कागद वाचणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मग पर्समधून एक घडी केलेला कागद काढून बाबांच्या हातात दिला — त्यांचा स्वतःचा. गेल्या महिन्यात केलेला.

"तुम्हाला काय गरज होती?" बाबा म्हणाले.

"तराजूचं एकच पारडं तपासून शिक्का मारत होता का तुम्ही?"

बाबांनी चष्मा काढला. पुसला. घातला. परत काढला. पुढच्या महिन्यातली तारीख घेणार आहेत नोंदणीची. मी साक्षीदार. दुसरी साक्षीदार सूनबाई. तिसरा शोधायचाय.

मी आजवर ज्यांच्यावर लिहिलं ती सगळी माणसं काहीतरी लपवणारी होती. म्हणून लिहिणं सोपं होतं.

१४ एप्रिल

जेवण झाल्यावर बायको ओटा पुसत होती. पाठमोरी. म्हणाली, "सोपं नव्हतं बाबांना. अकराव्या दिवसाचा कागद हातात असताना तोंडावर सांगून टाकलं."

"नव्हतंच."

नेहमी अशा जागी मला काहीतरी सुचतं. आज मी फडकं घेऊन ताटं पुसायला लागलो. ती ओटा पुसतच राहिली, केव्हाच स्वच्छ झालेला.

१५ एप्रिल

काही नाही.

१७ एप्रिल

सकाळी बाबा बागेत गेल्यावर बायकोला सांगितलं. सहा वर्षांपूर्वीचं. लेखकांच्या त्या संमेलनाच्या गावचं. एकदाच. ती म्हणाली, "तारीख?" मला पाठ होती. सांगितली. तिने पदर खोचला, गॅस बंद केला आणि विचारलं, "केंद्र किती वाजता उघडतं?"

समुपदेशक बाईंनी मला ओळखल्याचं दाखवलं नाही. "शेवटचा प्रसंग?"

"सहा वर्षं."

"त्यानंतर काही नाही?" मी मान हलवली. "मग मोजायचं काही उरलं नाही. आजची बोटाची पट्टी पुरे. दोघांची करू. वीस मिनिटं बाहेर बसा."

बोळात तीन खुर्च्या होत्या. बायको मधली सोडून बसली.